जंत जिवंत ठेवणारी प्रयोगशाळा : गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरची वाटचाल

१९६७ साली 'नेचर' या नियतकालिकात मुंबईहून गेलेलं एक छोटं टिपण छापून आलं. लेखक एच. जी. सेन आणि डी. सेठ, पत्ता सिबा रिसर्च सेंटर, गोरेगाव. माणसाच्या आतड्यात राहणारा अंकुशकृमी, ज्याला डॉक्टर हुकवर्म म्हणतात, त्यातली नेकेटर अमेरिकानस ही जात त्यांनी सोनेरी हॅम्स्टरच्या पोटात अळीपासून पूर्ण वाढीपर्यंत वाढवून दाखवली होती. वर्तमानपत्रांनी दखल घ्यावी अशी ही बातमी नव्हती. पण जंतांवरच्या औषधांचा इतिहास मला कुणी सांगायला सांगितला, तर महाराष्ट्रातला त्याचा सगळ्यात मोलाचा दिवस म्हणून मी याच टिपणाकडे बोट दाखवीन.

कारण नेकेटर फार चोखंदळ आहे. त्याला माणूस लागतो. कुत्रा, मांजर, उंदीर यांच्या पोटात तो नीट तग धरत नाही. त्यामुळे या कृमीवर नवं औषध तपासायचं, तर ते थेट बाधित माणसांवर तपासण्यावाचून मार्ग नव्हता. कुत्र्याचा अंकुशकृमी घेऊन अंदाज बांधता येई, पण तो अंदाजच. सेन आणि सेठ यांनी प्रौढ हॅम्स्टर सोडून नुकती जन्मलेली, अवघ्या काही दिवसांची पिल्लं निवडली. त्या वयात पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नसते, म्हणून कातडीतून शिरलेली अळी मारली जात नाही. ती रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात चढते, गिळली जाते आणि आतड्यात पोचून तिथे चिकटते. माणसाच्या शरीरात करते तोच सगळा प्रवास. प्रौढ माद्या अंडी घालू लागल्या, त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढच्या पिल्लांना दिल्या, आणि असं करत कृमीचा वंश प्रयोगशाळेत टिकला. हे काम चिकाटीचं आहे. विष्ठा कोळशाच्या भुकटीत कालवून ओलसर ठेवायची, अळ्या तयार होण्याची वाट पाहायची, पिल्लं वेळेवर जन्मतील याची तजवीज करायची, आणि एकही फेरी चुकवायची नाही, कारण चुकली की वंश संपला.

ही प्रयोगशाळा चार वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीने भारतात मूलभूत औषधसंशोधनाचं केंद्र काढायचं ठरवलं आणि १९६३ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते गोरेगावात त्याचं उद्घाटन झालं. पहिले संचालक होते टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतींमधल्या अल्कलॉइडांवर काम करून त्यांनी नाव मिळवलं होतं. १९६० सालचं भटनागर पारितोषिकही त्यांच्याकडे होतं. सरकारी कॉलेजातला प्राध्यापक परदेशी कंपनीच्या केंद्राचा प्रमुख होतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. गोविंदाचारी १९७५ पर्यंत तिथे राहिले. रसायनशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ, परोपजीवींचे अभ्यासक आणि रुग्णांवर चाचण्या घेणारे डॉक्टर असे सगळे त्यांनी एका आवारात आणले. नवं संयुग तयार झालं की त्याच आवारात प्राण्यावर तपासायचं, आणि जमलं तर त्याच लोकांनी माणसापर्यंत न्यायचं. खासगी कंपनीत भारतात अशी अखंड साखळी तेव्हा फारच थोड्या ठिकाणी होती.

महाराष्ट्राला परोपजीवींच्या संशोधनाचा वारसा मात्र त्याआधीपासूनचा आहे. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी १९१४च्या सुमाराला नारूच्या अळ्यांची बाधा झालेले सायक्लॉप्स स्वयंसेवकांना पाजले आणि नारू पाण्यातूनच येतो हे माणसात सिद्ध केलं. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमा या रक्तकृमीचा रोग असल्याचं दाखवून दिलं. भारतात हा रोग नाहीच, असं मानणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. गोरेगावच्या केंद्राने या ओळीत आपलं नाव जोडलं ते वेगळ्या प्रश्नाने. रोग कसा पसरतो हे कळलं होतं. आता कृमीच्या शरीरात नेमकं कुठे घाव घालायचा, हे शोधायचं होतं.

तो घाव कुणासाठी, हेही सांगायला हवं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. अक्राणी आणि अक्कलकुवा हे सातपुड्याच्या कुशीतले तालुके. तिथे पावसाळ्यात माती दिवसचे दिवस ओली राहते, शेतात अनवाणी काम होतं आणि घरापासून लांब, झाडोऱ्यात शौचाला जाणं अजून पुरतं थांबलेलं नाही. अंकुशकृमीच्या अळीला सावली, ओल आणि उघडा तळपाय एवढंच पुरतं. एक नेकेटर दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त पितो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात शंभर कृमी असतील तर दिवसाला तीन मिलिलिटर, महिन्याला नव्वद. जी पोर आधीच लोहाला मुकलेली आहे, जिच्या घरात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, जी बाई गरोदरपणातही ऊसतोडीला गुजरातेत जाते, तिच्यासाठी हे नव्वद मिलिलिटर फार असतात.

गोरेगावात या कृमीविरुद्ध हाती लागलेलं पहिलं मोठं संयुग म्हणजे सी ९३३३-गो. पुढे ते अमोस्कॅनेट या नावाने ओळखलं गेलं. दोन बेंझीन वलयं एका नायट्रोजनने जोडलेली, एका टोकाला नायट्रो गट, दुसऱ्या टोकाला आयसोथायोसायनेट. मोहरीचा झणका ज्या रासायनिक गटामुळे येतो, तोच हा गट. हॅम्स्टरमधल्या नेकेटरवर त्याचा परिणाम ठळक होता. मग जे. सी. दोशी, अशोक वैद्य, सेन आणि त्यांचे सहकारी यांनी हुकवर्मच्या रुग्णांवर चाचण्या घेतल्या आणि १९७७ मध्ये त्यांचे निष्कर्ष अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध हुकवर्मवर चालत होतं. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे प्राण्यांमध्ये ते शिस्टोसोमाच्या वेगवेगळ्या जातींवरही चाललं. म्हणजे गोल कृमी आणि चपटे कृमी अशा दोन्हींवर. जंतांच्या औषधांत असं सहसा घडत नाही, कारण या दोन कुळांच्या शरीररचनेत साम्य फार थोडं आहे.

आणि तरीही अमोस्कॅनेट औषधांच्या दुकानापर्यंत पोचलं नाही. अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूडिंग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की औषध दिलेल्या प्राण्यांच्या लघवीत जिवाणूंच्या डीएनएत बदल घडवणारे पदार्थ उतरतात. चीनमध्ये शिस्टोसोमाच्या रुग्णांवर ते वापरलं गेलं, तेव्हा यकृताला इजा होत असल्याचं दिसलं. त्याच सुमारास शिस्टोसोमावरचं प्राझिक्वांटेल हे औषध आलं, अधिक सुरक्षित आणि अधिक सोपं. गोरेगावकरांचं संयुग मागे पडलं. त्याच्या आयसोथायोसायनेट टोकावर मिथिलपायपराझिन जोडून घडवलेलं अमोकार्झिन मात्र लॅटिन अमेरिकेत नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर, ऑन्कोसर्कायसिसवर, माणसांत तपासलं गेलं. गोरेगावच्या संयुगाची एक शाखा इक्वेडोरच्या खेड्यांपर्यंत गेली, याचा उल्लेख मराठीत फारसा सापडत नाही.

या अपयशातून जे शिकायला मिळतं ते मला केंद्राच्या इतर यशांहून मोठं वाटतं. अमोस्कॅनेट कृमीला मारत होतं, पण कृमीच्या पेशीत ते नेमकं कुठे बसतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लक्ष्य ठाऊक नसेल तर एकच संयुग यकृतालाही का लागतं ते कळत नाही, आणि लागू नये म्हणून काय बदलायचं हेही कळत नाही. त्या काळची जवळपास सगळी औषधं अशीच सापडली. आधी औषध, नंतर लक्ष्य. प्राझिक्वांटेल १९७०च्या दशकातलं. ते कृमीच्या कॅल्शियमच्या एका विशिष्ट वाहिनीला उघडतं, हे २०१९ साली सांगता आलं.

आतड्यातल्या दुसऱ्या परोपजीवीच्या बाबतीत गोरेगावचं नशीब अधिक बलवत्तर ठरलं. हा परोपजीवी म्हणजे एन्टअमीबा हिस्टोलिटिका, रक्ती आव आणि यकृतातलं गळू यांचा कर्ता. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये मेट्रोनिडॅझोल अमीबावर प्रभावी ठरलं आणि पाहता पाहता ते जगभर पसरलं. आज ज्याला घरोघर 'आवेची गोळी' म्हणतात, ती हीच. गोरेगावात के. नागराजन यांच्या गटाने त्याच कुळातली नवी संयुगं घडवायला घेतली. मेट्रोनिडॅझोलचा गाभा पाच अणूंचं नायट्रोइमिडॅझोल वलय हा आहे. या वलयाच्या दुसऱ्या स्थानावर त्यांनी नायट्रोजनमार्फत इमिडॅझोलिडिनोन नावाचं आणखी एक वलय जोडलं. ते वलय सिबाच्या घरातलंच होतं. बाझलमध्ये तयार झालेल्या निरिडॅझोल या जुन्या शिस्टोसोमाच्या औषधात ते होतं. दोन वेगळ्या कुळांतले भाग असे एकत्र आले आणि गो १०२१३ हे संयुग तयार झालं. त्याचं नाव पडलं सॅट्रानिडॅझोल.

१९८४ मध्ये रे, तेंडुलकर, श्रीवास्तव, दत्ता आणि नागराजन यांनी एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध केली. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणाऱ्या ट्रायकोमोनास या आणखी एका परोपजीवीच्या वंशावर गो १०२१३ चालत होतं. एकाच कुळातल्या दोन औषधांपैकी एकाला प्रतिकार आला आणि दुसऱ्याला नाही, याचा अर्थ त्या छोट्या फरकामागे पेशीतलं काहीतरी दडलेलं आहे. सॅट्रानिडॅझोल पुढे भारतात बाजारात आलं आणि आजही लिहून दिलं जातं. महाराष्ट्रात शोधलं गेलेलं, महाराष्ट्रात तपासलं गेलेलं आणि आतड्याच्या परोपजीवीवर खरोखर वापरात आलेलं हे औषध आहे. ते घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

ही औषधं काम कशी करतात, हे समजायला अमीबाच्या पेशीत डोकावावं लागतं, आणि तिथलं चित्र विलक्षण आहे. आपल्या पेशीत ऊर्जा बनवणारी तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असते. अमीबाकडे तशी नाही. आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून त्याने त्या पेशीअंगाचा बहुतेक संसार मोडीत काढला. उरला एक चिमुकला अवशेष, मायटोसोम. तो असल्याचं १९९९ साली दाखवता आलं. ऊर्जेसाठी अमीबा पायरुव्हेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेज नावाच्या एन्झाइमवर विसंबतो. ते फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाला इलेक्ट्रॉन देतं. हे एन्झाइम आपल्या पेशीत नाही. मेट्रोनिडॅझोल किंवा सॅट्रानिडॅझोल अमीबात शिरलं की हेच कमी ऑक्सिजनातले इलेक्ट्रॉन त्याच्या नायट्रो गटावर जातात, आणि तोवर निरुपद्रवी असलेलं औषध विषारी होऊन पेशीच्या डीएनएला आणि प्रथिनांना झोंबतं. अमीबा आपल्याच स्वयंपाकघरात स्वतःचं विष शिजवतो. माणसाच्या पेशीत ती चूल पेटतच नाही.

एकदा हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. ही पेशी इलेक्ट्रॉन आणखी कुठून मिळवते? ऑक्सिजनच्या आघातापासून स्वतःला कशी वाचवते? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की संधिवातावरचं ऑरानोफिन हे जुनं सोन्याचं औषध अमीबाच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या एन्झाइमला निकामी करतं. २०१४ साली हेही कळलं की अमीबा माणसाच्या आतड्याच्या जिवंत पेशींचे लचके तोडून खातो आणि त्याच लचक्यांनी पेशी मरते. भारतात या विषयाची पताका सर्वात निष्ठेने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुधा आणि आलोक भट्टाचार्य यांनी उचलून धरली. अमीबाच्या पेशीत कॅल्शियमला धरणारं एक प्रथिन अन्न गिळण्याच्या क्रियेत कसं गुंतलेलं आहे, हे त्यांच्या गटाने वर्षानुवर्षं तपासलं. अमीबाच्या जनुकसंचाचं वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही ते सहभागी होते.

गोरेगावच्या केंद्राचं काम परोपजीवींपुरतं नव्हतं. नायट्रॉक्सॅझेपिन हे नैराश्यावरचं औषध 'सिंटामिल' या नावाने तिथूनच आलं. आणि १९७२ साली गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन असल्याचं जाहीर केलं. ते कर्करोगाच्या औषधांचं मूळद्रव्य. त्याचं लक्ष्य टोपोआयसोमरेज हे एन्झाइम आहे, हे कळायला १९८५ उजाडलं. नरक्याची चोरटी तोड आजही कोकणात आणि कोल्हापूरच्या जंगलात होते, हा त्या शोधाचा क्लेशकारक भाग आहे.

१९७०च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणं बंद झालं, फक्त कृतीवर मिळू लागलं. त्याच वर्षी सिबा आणि गायगी या कंपन्या एकत्र आल्या. कायद्यामुळे देशी कंपन्यांना स्वस्त औषधं बनवता आली आणि गरिबाचा फायदा झाला, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण नवं औषध शोधण्यात पैसा घालण्याचं कारण परदेशी कंपनीला उरलं नाही. शिवाय अंकुशकृमी ज्यांना होतो त्यांच्या खिशात पैसा नसतो, त्यामुळे कोणत्याही बाजारात हे औषध फायद्याचं नाही. हिंदुस्तान सिबा-गायगीच्या नावाने गोरेगावातून १९८०च्या दशकातही निबंध निघत राहिले. नंतर संशोधन थांबलं. १९९६ साली मूळ कंपनी सँडोझशी एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. आज ते केंद्र नाही.

पण नेकेटरला हॅम्स्टरमध्ये वाढवण्याची ती पद्धत मेली नाही. बाझलमधल्या स्विस उष्णकटिबंधीय संस्थेत आजही अंकुशकृमी हॅम्स्टरमध्ये जगवले जातात आणि नवी संयुगं त्यांच्यावर तपासली जातात. बाझलच्या कंपनीने गोरेगावात जे सुरू केलं, ते पुन्हा बाझललाच चालू आहे. तिथल्याच संशोधकांनी एमोडेप्साइड हे मांजरांच्या जंतांवरचं औषध टांझानियातल्या पेंबा बेटावर माणसांत तपासलं आणि २०२३ मध्ये चाबूककृमीवर व अंकुशकृमीवर त्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. हे औषध कृमीच्या स्नायूंमधल्या आणि चेतापेशींमधल्या पोटॅशियमच्या एका वाहिनीला उघडं ठेवतं, त्यामुळे कृमी लुळा पडतो. नेकेटरचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला आहे. रक्त पचवणारं एपीआर-१ आणि हीमचं विष शोषून घेणारं जीएसटी-१ ही त्याच्या आतड्यातली दोन प्रथिनं लशीसाठी माणसांत तपासली गेली आहेत. लक्ष्यांचा तुटवडा आता राहिलेला नाही. त्यांच्यामागे लागणारी माणसं आणि प्रयोगशाळा कमी आहेत.

आपल्याकडे हत्यार मात्र एकच आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत, शाळेत, आश्रमशाळेत १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोल दिलं जातं. मोठ्यांना ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी गोळी. नंदुरबारमधल्या धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर ही गोळी पोचवणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताई यांचं काम मला फार मोठं वाटतं. गोळी कृमीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, पेशीतल्या सूक्ष्मनलिका बांधल्या जात नाहीत, कृमीला साखर घेता येत नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एका गोळीने गोल जंत सुमारे ९५ टक्के, अंकुशकृमी सुमारे ८० टक्के आणि चाबूककृमी फक्त ३० टक्के जणांमध्ये निघून गेल्याचं दिसलं. शेळ्यामेंढ्यांच्या कृमींमध्ये याच कुळातल्या औषधांना प्रतिकार सर्रास आढळतो. अमेरिकेत कुत्र्यांच्या अंकुशकृमीतही तो आला आहे. बीटा-ट्युब्युलिनच्या १६७, १९८ आणि २०० या जागांवर एक अमिनो आम्ल बदललं की गोळी चिकटेनाशी होते. कोट्यवधी मुलांना वर्षात दोनदा तेच एक औषध दिलं जात असताना माणसाचा कृमी कायमचा साधाभोळा राहील, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून माझं मागणं नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापाशी आहे. २०२० मध्ये तिथे पहिली तुकडी आली. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग हाताशी आहे आणि ज्यांना या कृमीचा सगळ्यात जास्त त्रास होतो, ते पाडे मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहेत. यासाठी परदेशी कंपनी लागत नाही. जंतनाशक दिनाच्या आधी ठरलेल्या आश्रमशाळांतल्या मुलांची विष्ठा काटो-काट्झ पद्धतीने तपासावी आणि प्रति ग्रॅम अंडी मोजावीत. गोळी दिल्यावर १४ ते २१ दिवसांनी पुन्हा मोजावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार अल्बेंडॅझोलने अंकुशकृमीची अंडी निदान ९० टक्के घटायला हवीत. एखाद्या शाळेत ती तेवढी घटली नाहीत, तर तिथले नमुने अल्कोहोलमध्ये जपून ठेवावेत आणि त्यांतल्या बीटा-ट्युब्युलिनच्या १६७, १९८, २०० या तीन जागा वाचून घ्याव्यात. नंदुरबारला ते यंत्र नसेल, तर पुणे-मुंबईच्या संस्थांकडे आहे. त्या शाळांतल्या अळ्या विष्ठेतून वाढवून, हॅम्स्टरमध्ये सोडून, महाराष्ट्रात पुन्हा एकदा नेकेटर जिवंत ठेवणं ही त्यापुढची पायरी. ती कशी चढायची, हे सेन आणि सेठ यांनी १९६७ सालीच लिहून ठेवलं आहे.